फक्त ब्रेक शिकवा

शिकायला आलेला माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आधीच एक प्रश्न विचारायचा. "म्याडम, किती दिवसात येईल?"

वाशीममध्ये मी वीसेक वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. या काळात शिक्षक आले, व्यापारी आले, लग्न ठरलेले नवरदेव आले, स्वतःच्या गाडीनं तीर्थयात्रा करायची हौस असलेले पेन्शनर आले. माणसं बदलली, प्रश्न तोच राहिला. गाडी थांबवायची कशी, हे पहिल्या दिवशी मला कुणी विचारलं नाही. एका बाईनं विचारलं. तिचीच हकीकत सांगायची आहे, पण तिच्यापर्यंत पोचायच्या आधी माझा थोडा त्रागा ऐकून घ्यावा लागेल. या अंकाच्या संपादकांनी "मोकळेपणानं लिहा" म्हटलंय. तेव्हा दोष त्यांचा.

आमच्या धंद्यातली गाडी बाहेरून इतर गाड्यांसारखीच दिसते. फरक एवढाच, की डावीकडच्या सीटपुढंही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा उजवीकडं बसून स्टेअरिंग धरतो, शिकवणारा डावीकडं बसून जीव मुठीत धरतो. दिवसभर हाच उद्योग. समोरून ट्रक येतोय, शिकणारा आरशात स्वतःचे केस बघतोय, आणि आपण त्याला न दुखवता, न ओरडता, हळूच पाय दाबायचा. ओरडलं की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस हमखास अ‍ॅक्सिलेटर दाबतो.

माझे वडील सरकारी जीपवर चालक होते. बुद्धविहारासमोरच्या गल्लीत आमचं घर. गाडी चालवायला त्यांनीच मला शिकवलं. मी स्कूल काढते म्हटल्यावर गल्लीतल्या लोकांनी विचारलं, बाईकडून शिकायला येणार कोण? आधी बाया आल्या. मग बायको गाडी चालवायला लागली आणि आपण मागे राहिलो, हे लक्षात आल्यावर त्यांचे नवरेही आले. एक गृहस्थ तोंडाला रुमाल बांधून यायचे. ऊन नसायचं, धूळ नसायची. बाईकडून शिकतोय हे दिसू नये, एवढ्यासाठी रुमाल. शिकले मात्र चांगले.

एका नवरदेवाला लग्नाच्या आत गाडी यायला हवी होती. नवरीला शेजारी बसवून स्वतः चालवत घरी आणायचं, असं त्यानं मित्रांना सांगून ठेवलं होतं. पहिला गिअर, दुसरा गिअर आणि हॉर्न एवढं आल्यावर तो थांबला. मी म्हटलं, "अरे, रिव्हर्स राहिलाय."

"थे लग्नानंतर शिकतो म्याडम. आता मले समोरच जायचं हाये."

लग्नाला मी गेले होते. फुलांनी सजवलेली गाडी तो ऐटीत मांडवापर्यंत घेऊन आला. परत निघताना पुढं स्वयंपाकाचा तंबू, दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या गाड्या. शेवटी वऱ्हाड्यांनी गाडी ढकलत मागं नेली. आत नवरी मान खाली घालून बसलेली. लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडतेय. मी जवळून पाहिलं, ती हसू दाबत होती.

आता हसू येतं, पण रोजचं हे सगळं हसण्यावारी नेता येत नाही. वाशीम ते केवढं! या टोकाची लग्नाची वरात त्या टोकाला ऐकू येते. अशा गावात माणसाला घाई कशाची असते, हे मला अजून कळलेलं नाही. 'एल' लिहिलेली माझी गाडी दिसली, की मागचा हॉर्नवर हात ठेवूनच असायचा. मग डावीकडून घुसायचा, अगदी आमच्या नाकासमोरून कट मारायचा आणि सुसाट जायचा. थोडं पुढं गेल्यावर तोच माणूस पानटपरीवर दिसायचा. गाडी रस्त्यातच तिरपी लावलेली, एक पाय दुसऱ्यावर टाकलेला, आणि सुपारी कातरून होईपर्यंत जगातलं कुठलंच काम नाही असा चेहरा. आमच्याकडं घाई फक्त वाटेत असते. पोचल्यावर निवांत.

दिवाळीत पुण्याहून पोरं घरी येतात, तेव्हा त्यात भर पडते. एका निवृत्त मास्तरांना मी शिकवत होते. सुटीला आलेला त्यांचा मुलगा मागच्या सीटवर येऊन बसला. मास्तर बिचारे नीट चालवत होते. हा मागून सारखा, "पप्पा, हॉर्न द्या. पप्पा, काढा साइडनं. पुण्यात असं चालवलं ना, तर मागचे खाऊन टाकतील तुम्हाला."

मी म्हटलं, "बाळा, हे पुणं नाही."

"तेच तर म्हणतोय मॅडम. इथं कुणाला सेन्सच नाही."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

असो. एका सकाळी गोदाबाई आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, पायात मातीनं भरलेल्या चपला, हातात वांग्यांची पिशवी. वांगी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. गावाला लागूनच त्यांची भाजीची बाग. वांगी, मेथी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. नवरा देवीदास माल टेम्पोत भरून पहाटे मंडीत हर्रासीला, म्हणजे लिलावाला न्यायचा, आणि आठवडी बाजारांच्या दिवशी जवळच्या शिरपूर, मालेगावकडं. बाई शेजारच्या सीटवर बसून सोबत जायच्या.

मी नेहमीचं सुरू केलं, फी किती, वेळ कोणती. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"म्याडम, मले गाडी नाई शिकायची."

"मग?"

"मले फक्त ब्रेक शिकवा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "नुसता ब्रेक कसा शिकवणार? आणि कशाला?"

"आमच्या घरचे लय पळवतात. एक हात फोनवर, एक हात इस्टेरिंगवर. अडत्या तिकून म्हन्ते, लवकर आन, भाव उतरून राह्यला. मंग यायच्या आंगात येते. मी म्हन्लं, अवो, हळू चालवा, तर म्हन्तात, तुले काय समजते? काल एक बकरी वाचली. आज कुत्रं नाई वाचलं. उद्या मानूस सापडन. म्हून म्हन्लं, आपन ब्रेक कोठी रायते थे तरी पाहून घ्यावं."

इतक्या वर्षांत माझ्याकडं आलेल्यांमध्ये रस्त्याचा विचार करून आलेली ही पहिली व्यक्ती.

मी त्यांना समजावलं, की पायाचा ब्रेक चालवणाऱ्याच्याच पायाशी असतो, तिथं तुमचा पाय पोचणार नाही. दोन सीटच्या मधे जो दांडा असतो तो हातब्रेक, गाडी उभी केल्यावर लावायचा. चालत्या गाडीत तो ओढायचा नसतो. एकदम खेचला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी घसरते. अगदीच जीवावर बेतलं आणि दुसरा इलाजच उरला नाही, तर टोकावरचं बटन दाबून धरायचं आणि दमादमानं वर घ्यायचा. "पण हे काही शिकणं नव्हे गोदाबाई. ब्रेक कधी मारायचा हे कळायला पूर्ण गाडी यावी लागते."

त्यांनी विचार केला. "मंग पूर्नच शिकवा," म्हणाल्या.

त्या शिकल्या. दुपारी बागेतलं काम उरकून यायच्या. क्लचनं त्यांना रडवलं, चढावर गाडी मागं यायची तेव्हा त्या डोळे मिटून घ्यायच्या, आणि वळताना गाडीच्या आधी स्वतःच वाकायच्या. पण एक गोष्ट त्यांना कधी सांगावी लागली नाही. समोर माणूस दिसला, की त्यांचा पाय आपोआप अ‍ॅक्सिलेटरवरून उठायचा. बाकीच्यांचा हात हॉर्नवर जातो.

गावात कुठलीच गोष्ट लपत नाही. एक दिवस देवीदासभाऊ स्कूलच्या दारात उभे.

"तुमी आमच्या मंडळीले गाडी शिकवून राह्यल्या म्हने?"

"हो. बसा ना. आता त्यांचीच वेळ आहे. तुम्हीही चला."

ते मागच्या सीटवर बसले. गोदाबाईंनी गाडी काढली आणि आम्ही हिंगोली नाक्याच्या बाजूला निघालो. मागून सूचना सुरू झाल्या. "दाब ना वं. तो पाह्य, सायकलवाला चालला पुढं. काढ की बाजूनं. काहून थांबली? रस्ता तं मोकळा हाये." रस्ता मोकळा नव्हता, एक म्हातारा गाय घेऊन आडवा जात होता. देवीदासभाऊंच्या हिशेबात म्हातारा आणि गाय रस्त्यात धरायची नसावीत. गाय पलीकडं गेल्यावरच गोदाबाईंनी गाडी हलवली.

उतरल्यावर ते मला म्हणाले, "चालवते चांगली. पन असी चालवली तं आमची मेथी रस्त्यातच सुकून जाईन."

पुढं लायसन निघालं. गोदाबाईंनी पेढे आणले. टेम्पोची चावी मात्र त्यांना मिळाली नाही. "लायसन कपाटात राहू दे, कामी येईन कधी," असं नवऱ्यानं सांगितलं. त्या आपल्या जागेवर, डावीकडं, क्रेटच्या शेजारी.

त्यानंतर काही महिन्यांनी शिरपूरच्या बाजाराच्या दिवशी हे घडलं. मी तिथं नव्हते. पुढं जे सांगते ते गोदाबाईंच्या तोंडून ऐकलेलं आहे.

टमाट्याचे क्रेट भरून दोघं निघाले. उशीर झाला होता, आणि बाजारात उशिरा गेलं की जागा कोपऱ्यातली मिळते. देवीदासभाऊंच्या कानाला फोन. शिरपूर जवळ आलं तशी पुढं एक बस थांबलेली दिसली. जैन मंदिराच्या दर्शनाला आलेली माणसं उतरत होती. उजवीकडून जायला जागा नव्हती, समोरून ट्रक येत होता. शहाणा माणूस बसच्या मागं थांबला असता. देवीदासभाऊंनी टेम्पो डावीकडच्या मुरुमावर घातला, बस आणि खंती, म्हणजे रस्त्याकडेचा चर, यांच्या मधून, जिथं बसचं दार उघडतं त्याच बाजूनं.

दारातून एक म्हातारी उतरली. हातात पिशवी, पाठ टेम्पोकडं.

"मले थे दिसली. मी वरडली, अवो म्हातारी! पन त्यायच्या कानाले फोन. मंग मी दांडा धरला. बटन दाबून धरलं, म्याडम, सोडलं नाई. हळू घ्यायले टाइमच कोठी होता? घेतला वर."

टेम्पोची मागची बाजू फिरली. गाडी घसरत डावीकडं गेली आणि खंतीत कलंडली. टमाटे रस्ताभर. म्हातारी दचकून जागच्या जागी खाली बसली. तिला साधं खरचटलंही नव्हतं. कुणीतरी तिला पाणी दिलं, कुणी तिची पिशवी उचलून दिली, आणि थोड्या वेळानं ती आपल्या माणसांसोबत मंदिराकडं निघून गेली. आपल्या पाठीमागं काय झालं, ते तिला नीट कळलंही नसेल.

देवीदासभाऊंच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. गोदाबाईंच्या कपाळाला टाके पडले.

मला फोन आला तो त्यांच्या धाकट्या दिराचा, गजाननचा. "वा म्याडम, भल्लं शिकवलं तुमी! चालती गाडी पलटवली आमच्या वहिनीनं."

मी तडक दवाखान्यात गेले. खाटेभोवती नातेवाईक जमलेले. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, बाईच्या हातात ब्रेक गेला अन् गाडी खंतीत गेली. गाडीचं किती नुकसान झालं, माल किती गेला, बाजार कसा बुडाला, सगळं बोलून झालं होतं. म्हातारीचं नाव कुणी काढत नव्हतं. माझ्या संतापाचं कारण इथंच आहे. माणूस मेला असता तर अख्खं गाव हळहळलं असतं. तो वाचला, म्हणून तो घडलेल्या गोष्टीतूनच गायब झाला. उरले फक्त टमाटे.

गोदाबाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या, कपाळाला पट्टी. मला बघून गजानन पुढं आला. "तुमी हिले हे कायले शिकवलं? चालू गाडीत हँडब्रेक मारतात का कोनी?"

"नाही मारत," मी म्हटलं. "तेही शिकवलं होतं." आणि खाटेकडं वळले. "देवीदासभाऊ, तुम्हाला ती म्हातारी दिसली होती का?"

त्यांनी चादरीचं टोक नीट केलं.

"रागावून विचारत नाही. खरं सांगा. दिसली होती?"

"बस दिसली होती," ते म्हणाले.

"आणि म्हातारी?"

त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघितलं. मग डोळे मिटले. मागून कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या हो म्याडम, मानूस दुखण्यात हाये. तेवढ्यात गोदाबाई उठल्या. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"त्यायले नाई दिसली. मले दिसली. टमाटे पुढच्या तोडनीले पुन्हा येतीन. थे म्हातारी कोनाच्या वावरात पिकते का?"

गजानन चहा आणायच्या निमित्तानं बाहेर गेला.

हाड जुळून यायला वेळ लागणार होता, आणि भाजी कुणासाठी थांबत नाही. टेम्पो दुरुस्त होऊन आला तशी चालवणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. गजानन तयारच होता. देवीदासभाऊ एक दिवस त्याच्यासोबत मंडीत गेले आणि परत आल्यावर बायकोला म्हणाले, "घे तूच चाबी. तो तं मले मारूनच टाकीन." हे गोदाबाईंनी मला हसत हसत सांगितलं. नवऱ्याला पश्चात्ताप झाला, त्यानं माफी मागितली, असलं काही झालं नाही. धाकटा भाऊ आपल्यापेक्षा जास्त पळवतो आणि शेजारी बसल्यावर भीती वाटते, एवढंच त्याला कळलं. मी म्हणते, तेवढं तरी कळलं.

पहिल्या दिवशी गोदाबाई मंडीत पोचल्या तेव्हा हर्रासी आटपत आली होती. मेथी पडेल भावात गेली, आणि नवऱ्यानं घरी येईपर्यंत ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशीपासून त्या लवकर निघायला लागल्या. इतका साधा उपाय! वेळेवर पोचायचं तर आधी निघावं. मी हे प्रत्येक शिकणाऱ्याला सांगत आले. सगळे मान डोलवायचे, आणि पुढच्याच दिवशी धापा टाकत उशिरा यायचे.

या अपघातानंतर थोड्याच दिवसांत मी स्कूल बंद केलं. गुडघे गेले, आणि डावीकडं बसून दुसऱ्याच्या चुकीवर पाय दाबायचं वय राहिलं नाही. गाडी विकताना वाईट वाटलं. पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते रस्त्यावरून जाताना. या गावातल्या कितीतरी लोकांना मी शिकवलं. माझ्या शेजारी असेपर्यंत ते सगळे नीट चालवायचे, कारण ब्रेक माझ्याही पायाखाली होता. लायसन हातात पडल्यावर त्यांचं काय होतं, ते मला अजून समजलेलं नाही. सरकारी कागद खिशात आला की पायातला ब्रेक जातो की काय, कोण जाणे.

परवाची गोष्ट. सकाळी शाळा भरायच्या वेळेला मी पुसद नाक्याजवळ केळी घेत होते. गोदाबाईंचा टेम्पो आला. मागं पालक आणि वांग्यांचे क्रेट, शेजारी देवीदासभाऊ, हात अजून गळ्यात अडकवलेला. लहान मुलांची एक रांग रस्ता ओलांडायला लागली, पाठीवर दप्तरं, एकमेकांचे हात धरलेले. गोदाबाई थांबल्या.

मागं एक पांढरी कार. तिनं हॉर्न धरला तो सोडेचना. मुलं दचकली, मधली एक छोटी मुलगी घाबरून जागेवरच उभी राहिली, तशी रांग तुटली. गोदाबाईंनी हातानंच तिला खुणावलं, ये, ये, हळू ये. हॉर्न चालूच. मग कारवाल्यानं काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "ओ बाई! चालवता येत नाही तर घरी बसा ना! काहून रस्ता अडवून राह्यल्या?"

टेम्पोच्या डाव्या खिडकीतून देवीदासभाऊ कमरेपर्यंत बाहेर आले. गळ्यातल्या हाताचंही त्यांना भान नव्हतं. "अबे, पोरं दिसत नाईत का तुले? डोये घरी ठेवून आला का?"

कारवाल्यानं डोकं आत घेतलं, हॉर्न थांबला. मुलं पलीकडं पोचली. देवीदासभाऊ आत जाऊन बसले आणि लगेच बायकोला म्हणाले, "आता चाल ना वं लवकर. मालेगावच्या बाजारात जागा नाई भेटाची." गोदाबाईंनी आरशात बघितलं, उजवीकडं बघितलं, पुन्हा आरशात बघितलं, आणि मगच गाडी हलवली.

मी केळी तिथंच टाकून तावातावानं त्या कारकडं गेले. आज याला सोडायचं नाही, असं ठरवूनच गेले. कारवाल्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. दोन्ही हात जोडून तो खिडकीतूनच वाकला.

"नमस्कार म्याडम! वळखलं का? तुमच्याच इथं शिकलो न मी."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या पुढं एक सायकलवाला आला. जोडलेले हात सोडून त्यानं हॉर्न दाबला आणि गेला.